लेथकाकांना विचारा : योयोच्या कडेला स्टीलचं कडं

मागच्या अंकात भोवऱ्याची आर आणि जाळी यांवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रं आली, पण भोवऱ्याचं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना योयो पाहिजे. बरं झालं. नातवाच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी मी स्वतः धातूच्या योयोची एक जोडी केली होती. त्यात तीनदा तोंडावर आपटलो. ते कुठेतरी सांगायचंच होतं.

प्रश्न : काका, मी उदगीरला बारावीत आहे. पैसे साठवून ३,२०० रुपयांचा धातूचा योयो मागवला. बाबा म्हणतात, जत्रेत वीस रुपयाला मिळतो, तुला येडं बनवलं. त्यात तो झटका दिला तरी वर येत नाही, खालीच फिरत बसतो. बिघडलेला आलाय का? कडेला स्टीलची रिंग आहे, ती चिकटवलेली असते का? आणि एवढे पैसे नेमके कशाचे?

योयो बिघडलेला नाही आणि बाबाही खोटं बोलत नाहीत. दोघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलताय, एवढंच. जत्रेतल्या योयोत दोरा आसाला घासत असतो. झटका दिला की तो आसावर गुंडाळायला लागतो आणि योयो वर चढतो. तुझ्या योयोच्या पोटात बॉल बेअरिंग आहे आणि दोन वाट्यांमधली फट चार-साडेचार मिलिमीटरची. दोरा बेअरिंगच्या बाहेरच्या वळ्यावर निवांत बसलेला असतो, आत काय फिरतंय याचा त्याला पत्ताच नसतो. वर आणायचा तर दोऱ्याचा एक पदर दुमडून त्या फटीत सोडायचा. फटीच्या दोन्ही भिंतींत सिलिकॉनच्या चकत्या बसवलेल्या असतात, त्या दुपदरी झालेला दोरा पकडतात आणि योयो हातात येतो. खेळणारे याला बाइंड म्हणतात. आठवडाभर सराव कर. पहिले दोन दिवस तो नडगीवर बसतो, तेव्हा बाबांसमोर करू नको.

आता रिंग. मी तिला कडं म्हणतो. कडेला कडं, लक्षात राहायला सोपं.

कुंभाराचं जुनं चाक पाहिलं असशील. त्याची कड मुद्दाम जड ठेवलेली असते. काठीने एकदा फिरवून दिलं की मडकं उतरेपर्यंत ते थांबत नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तू जडत्व आघूर्ण शिकलास, ते हेच. तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच व्यासाची एक भरीव चकती घे आणि एक पोकळ कडं घे, कड्याचं आघूर्ण दुप्पट भरतं. पण खेळणाऱ्याच्या बोटाला वजन तर वाढवून चालत नाही. चांगला योयो साधारण ६० ते ६८ ग्रॅमचा असतो, त्याच्या वर गेला की बोट दुखतं. मग करायचं काय? मधलं वजन काढायचं आणि कडेला न्यायचं. ॲल्युमिनियमची घनता २.७, स्टेनलेस स्टीलची ८ च्या आसपास. तेवढ्याच जागेत जवळपास तिप्पट वजन मावतं. म्हणून अंग ॲल्युमिनियमचं आणि कडं स्टीलचं.

माझ्या जोडीचा हिशेब देतो, म्हणजे पैसे कुठे गेले ते तुलाच कळेल. व्यास ५५ मिलिमीटर. प्रत्येक वाटीसाठी ६० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम बारचा २५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घेतला. त्याचं वजन १९१ ग्रॅम. वाटी पूर्ण झाली तेव्हा काट्यावर २३ ग्रॅम. बाकीचं सगळं चिप, म्हणजे धातूचा कीस, होऊन ट्रेमध्ये. तू जे विकत घेतलंस त्याच्या सातपट धातू तुझ्यासाठी फेकला गेलाय. दोन वाट्यांचे ४६, दोन कड्यांचे १६, मग बेअरिंग, आस आणि चकत्या, असे मिळून ६५ ग्रॅम. एकूण वजनाचा पाव हिस्सा एकट्या कड्यांत, तोही अगदी काठावर. बाहेरचे लोक ६०६१ नावाचं ॲल्युमिनियम वापरतात, त्याहून कडक हवं असेल तर ७०७५. मला वाळूजच्या दुकानात एचई ३० मिळालं, ते त्याच घराण्यातलं.

काम सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, लेथवर. माझ्या जुन्या चेल्याचं रांजणगावच्या आतल्या गल्लीत दोन मशीनचं वर्कशॉप आहे, रविवारी तो मला एक मशीन मोकळी देतो. पहिल्या पकडीत वाटीची आतली बाजू करायची : बेअरिंग बसतं तो मधला खुंट, सिलिकॉनच्या चकतीची खाच, फटीची भिंत आणि मधलं आट्यांचं भोक. हे सगळं एकाच पकडीत झालं पाहिजे. चकमधून, म्हणजे लेथच्या जबड्यातून, जॉब एकदा सुटला आणि पुन्हा पकडला की मध्य हलला म्हणून समजा. दुसऱ्या पकडीत वाटी त्याच आट्यांवर आणि त्याच खुंटावर मँड्रेलला, म्हणजे आतून धरणाऱ्या दांड्याला, आवळायची, मग बाहेरचा आकार आणि पोट कोरायचं. भिंत दीड मिलिमीटरवर आली की टूल किंचाळायला लागतं. तिथे फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, कमी करून गप्प उभं राहायचं.

पहिली आपटी इथेच खाल्ली. आस म्हणजे एम ४ चा, चार मिलिमीटर जाडीचा, बिनडोक्याचा स्क्रू, ग्रब स्क्रू. त्यासाठी ३.३ मिलिमीटरचं भोक मशीनवरच पाडलं. आणि चाळीस वर्षांचा टर्नर असल्याचा माज नडला. म्हणलं, टॅप काय, आटेच तर पाडायचे, हातानेच मारू. वाटी व्हाइसमध्ये धरली आणि मारला. डोळ्याला काटकोनात दिसत होता. जोडी जुळवली, नातवाने सोडली, आणि दोरा हातात मधमाशीसारखा घुमायला लागला. आटे अर्धा अंश तिरके गेले असतील नसतील. पण अर्धा अंश म्हणजे २७ मिलिमीटर लांबच्या कडेवर पाव मिलिमीटर हेलकावा! कडेला वजन जितकं जास्त, तितकी मधली चूक मोठी होऊन बाहेर येते. जत्रेतल्या योयोला हे भोगावं लागत नाही, कारण त्याच्या कडेला काही नसतंच. तुझ्या ३,२०० रुपयांतले बरेचसे रुपये त्या मधल्या भोकाचे आहेत. दिसत नाहीत, म्हणून बाबांना पटत नाहीत.

दुसरी आपटी रंगाची. मी मोठ्या हौसेने कडी दाबून बसवली आणि मग वाट्या ॲनोडायझिंगला घेऊन गेलो. तिथल्या पोराने वाटी हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाला, "काका, हे स्टील आहे. टाकीत गेलं तर तुमचा पार्ट पण जाईल आणि माझी टाकी पण." बरोबर बोलला. ॲनोडायझिंगला जॉब सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टांगून त्यातून वीज सोडतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो आणि तिथला प्रवाह आपोआप आवरतो. स्टीलवर तसा थर धरत नाही. सगळी वीज तिकडे धावते, स्टील खायला लागतं आणि द्रावण नासतं. म्हणून क्रम ठरलेला : आधी मशीनिंग, मग बारीक मण्यांचं ब्लास्टिंग, मग ॲनोडायझिंग आणि रंग, आणि कडं सगळ्यात शेवटी. बसवलेली कडी मला ॲल्युमिनियम कापून काढावी लागली. दोन वाट्या भंगारात.

आता तू विचारलेलं, चिकटवतात का. नाही. गोंद नाही, स्क्रू नाही. तुमच्याकडे कुणी म्हातारा सुतार-लोहार असेल तर त्याला विचार, बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात. लोखंडी धाव चाकापेक्षा जरा लहानच ठेवायची. गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, फुगली की लाकडी चाकावर टाकायची आणि चारी बाजूंनी पाणी मारायचं. आवळताना चाक करकरतं. मी लहानपणी ते बघायला शाळा बुडवायचो. योयोचं कडं ही तीच धाव, फक्त मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.

आणि तिथेच तिसरी आपटी. कडं किती लहान ठेवायचं? मी अंदाजाने एक दशांश मिलिमीटर ठेवलं, घट्ट बसेल म्हणून. आर्बर प्रेसखाली दाबलं तर स्टीलच्या धारेने ॲल्युमिनियमची साल काढली, ऊस सोलल्यासारखी. कडं एका बाजूला बसलं, दुसऱ्या बाजूला उभं. मग शहाणा झालो. फरक चार शतांशवर आणला, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. बैठकीच्या तोंडाला छोटा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, दिला, म्हणजे कडं आत शिरताना वाट सापडावी. कारखान्यात ते गाइड लावून थंडच दाबतात. माझ्याकडे गाइड नव्हतं, घर होतं.

वाट्या रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी गॅसवर भाकरीचा तवा आणि तव्यावर कडं. पाण्याचा थेंब टाकला की तो चुर्र न होता गोळी होऊन नाचायला लागतो, तेवढा तवा तापू द्यायचा. कड्याचा आतला व्यास ५२ च्या आसपास. दीडशे अंश तापलं की स्टील तेवढ्या व्यासावर तेरा शतांश फुगतं. वाटी खोलीतून बर्फात गेली की पाच-सहा शतांश आकसते. चारचा फरक वजा जाता पंधरा शतांशची मोकळीक मिळते. वाटी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, ते आधी फडक्याने टिपायचं, नाहीतर पाणी आत कोंडतं. मग चिमट्याने कडं उचलून वरून सोडायचं. "टक्" असा आवाज आला की बसलं. तीन-चार सेकंदांत ते वाटीला असं धरतं की पुन्हा हलवायचं नाव नको. तिरकं पडलं तर तिरकंच राहतं. वाटी मात्र कधी तापवायची नाही. रंगाच्या थराला उष्णतेने बारीक तडे जातात, उन्हात धरले की जाळीसारखे दिसतात. चारही बाजूंनी डायल, म्हणजे हेलकावा मोजायचं घड्याळ, लावून पाहिलं, हेलकावा दोन शतांशच्या आत. सौभाग्यवतींनी तव्याबद्दल जे ऐकवलं ते इथे छापत नाही.

शेवटी दोन्ही वाट्या सराफ्यातल्या एका ओळखीच्या दुकानात काट्यावर टाकल्या. फरक सहा शतांश ग्रॅमचा आला. सराफ म्हणाला, सोनं असतं तर चहा पाजला असता.

प्रश्न : भोवरा, चकरी ही आपली खेळणी. मग योयो अमेरिकेचा कसा झाला? (एक शिक्षक, अंबाजोगाई)

सर, तसा तो कुणा एकाचा नाही. योयो खेळणाऱ्या मुलाचं चित्र असलेला प्राचीन ग्रीक उथळ प्याला बर्लिनच्या संग्रहालयात आहे, साधारण इ. स. पूर्व ४४० चा. अमेरिकेत धंदा उभा केला तो पेद्रो फ्लोरेस या फिलिपाइन्सहून गेलेल्या माणसाने, १९२८ मध्ये, कॅलिफोर्नियात. त्याच्या योयोत दोरा आसाला गाठ मारून बांधलेला नव्हता, नुसता फासा टाकून अडकवलेला होता. म्हणून योयो खाली जाऊन तिथेच फिरत राहू शकला. आजचं बेअरिंग म्हणजे त्याच युक्तीची पुढची पायरी. बेअरिंगवाला ॲल्युमिनियमचा योयो १९९०च्या सुमारास गाजवला सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम कून यांनी, आणि ते पेशाने दाताचे डॉक्टर. बारीक ड्रिलचा हात असलेला माणूस, दुसरं काय! १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून योयो अंतराळातही जाऊन आला. वर्गात सांगायला तेवढं पुरे.

प्रश्न : आमच्या परभणीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मुलाचा कड्यावाला योयो मे महिन्यात गाडीत राहिला. कडं सुटून उडेल का? भीती वाटते. (एक आई)

ताई, प्रश्न बारकाईचा आहे. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. म्हणून कडं बाहेरून घातलेलं असेल तर उन्हात ते उलट अधिक घट्ट होतं. काही योयोंत कडं वाटीच्या आतल्या काठाला बसवलेलं असतं. तिथे ॲल्युमिनियम फुगून कड्यापासून लांब जातं, म्हणजे पकड सैल होते. पण किती? तीस अंश जास्त तापलं तर ५२ मिलिमीटरवर दोघांच्या फुगण्यातला फरक एक शतांशच्या आसपास. बसवताना चार ठेवले असतील तर तीन उरतात. कडं जागचं हलत नाही.

तुम्ही बघायचं ते वेगळं. योयो फरशीवर आपटला असेल तर कड्यावर नखाला लागेल असा उंचवटा येतो. त्या धारेने दोरा कातरला जातो आणि फिरणारा योयो सुटून कपाळावर येतो. बारीक पॉलिश पेपरने ती धार घासून बोथट करा. दोरा तर नियमाने बदलाच, मळकट आणि केसाळ दिसला की बदलायचा. आणि चिमुकल्या भावंडांना समोर उभं राहू देऊ नका. ६५ ग्रॅम धातू आहे तो.

प्रश्न : माझा योयो नवीन असताना गुळगुळीत फिरायचा. बेअरिंग साफ करायला उघडला, पुन्हा लावला, तेव्हापासून थरथरतो. काय चुकलं? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नांदेड)

बहुतेक काहीच नाही, आस बसताना जागा बदलली असेल. फिरत्या योयोच्या कडेला अलगद नख टेकवून बघ. नख टरटरलं तर थरथर खरी, नाहीतर दोऱ्याचा भास. खरी असेल तर उघड, आस पूर्ण काढ आणि आधी दुसऱ्या वाटीत बसवून पाहा. मग उलटा फिरवून पाहा. आट्यांत थोडी मोकळीक असते, तिचा गुण कधी इकडे तर कधी तिकडे जुळतो. आस काचेवर लोळवून बघ, वाकडा असेल तर उड्या मारेल. तसा एम ४ चा स्क्रू हार्डवेअरमध्ये पाच-दहा रुपयांत मिळतो, लांबी मात्र जुनीच घे. बेअरिंगच्या खुंटावर कचऱ्याचा कण अडकला असेल तरी हाच त्रास होतो.

बेअरिंगचं माप या योयोंत बहुधा एकच असतं : आतून पाव इंच, बाहेरून अर्धा इंच, रुंदी तीन सूत भागिले दोन. सूत कळत नसेल तर ४.७६ मिलिमीटर म्हण. बाजारात आर १८८ म्हणून मागितलंस तरी चालेल. बोटावर फिरवायच्या त्या स्पिनरचं फॅड आलं होतं, त्यातल्या चांगल्यांच्या पोटात हेच असायचं. घरात एखादा पडला असेल तर बघ. ग्रीस मात्र भरू नकोस. ग्रीसने बेअरिंग जड होतं आणि झटक्यासरशी दोरा गुंडाळला जातो. धुऊन कोरडं कर आणि पातळ तेलाचा एक थेंब टाक. आवळताना हाताने, पकड लावायची नाही. स्टीलचा आस ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो, आणि आटे गेले की वाटी गेली.

प्रश्न : लातूरला माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी. पंपांचे पार्ट करतो. योयो करून विकावेत का? आणि कड्यासाठी स्टील जालन्याहून आणलं तर स्वस्त पडेल का?

जालन्याहून नका आणू. तिथल्या रोलिंग मिलची सळई बांधकामाची, साधं कार्बन स्टील. ते गंजतं, आणि घामट हाताच्या वस्तूवर तर आठवड्यात गंजतं. कड्याला ३०४ जातीचं स्टेनलेस लागतं. तेही भरीव बारमधून काढू नका, मधला सगळा गाभा वाया जातो. जाड भिंतीचा सीमलेस पाइप घेऊन त्याचे काप पाडा आणि मग बोअर फिनिश करा. ३०४ चिवट आहे, टूल एका जागी घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होऊन बसतो. इन्सर्ट नवा ठेवा, कट अंगात जाऊ द्या, लाजतमुरडत घेऊ नका. ३०३ मिळालं तर त्यात गंधक असतं, चिप तुटून पडते आणि हाताला जखमा कमी होतात.

विकण्याचं म्हणाल तर मशीनिंग तुम्हाला जमेल, तुमचा घोळ होईल रंगात. माझ्या अनुभवाचं सांगतो. एकाकडे दहा खुंट दिले, दहाही जाड होऊन आले, बेअरिंग जाईना. त्याचा दोष अर्धा, माझा अर्धा. दहा मायक्रॉनचा थर धरला तर त्यातला साधारण निम्मा आत मुरतो आणि निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे खुंटाचा व्यास दहा मायक्रॉनने वाढला. ते गृहीत धरून खुंट आधीच तेवढा बारीक ठेवायला हवा होता. कड्याच्या बैठकीचंही तेच, चार शतांशच्या हिशेबात एक शतांश रंगाचा असतो. थर किती मायक्रॉन हवा ते चलनावर लिहूनच द्या, "लाल रंग" एवढं लिहून देऊ नका. टॅप मशीनवरच मारा, हे सांगायला नको. फिक्स्चरचं जमत नसेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये एक चक्कर टाका. डोळे उघडे ठेवून यायचं, बास.

आधी पाचच जोड्या करा. त्यातली एक इकडे पाठवा, डायल लावून बघतो. कुरिअरने पाठवताना दोन्ही वाट्या वेगळ्या गुंडाळा आणि आस काढून पुडीत घाला. जोडलेला पाठवलात आणि वाटेत कुणी आपटला तर आटे तुमचे वाकडे की त्यांचे, हे मला सांगता येणार नाही.